हलका धान, भारी धान

आधी माफी मागतो. वजन कमी करण्याविषयी लिहावं असं माझं शरीर नाही; खोलीवरचा आरसा वीतभर आहे, तरी मी त्यात अख्खा मावतो. आणि मराठीत लिहावं असं माझं शिक्षण नाही. बालाघाटकडे शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, बसवरची पाटी हिंदी. मराठी आमच्या घरात आहे, पण ती बोलण्यात, आणि पुस्तकातल्या मराठीपेक्षा बरीच वेगळी. लिहिण्याची मराठी मला बाबांमुळे मिळाली. ते दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जातात आणि येताना पिशवी भरून पुस्तकं आणतात. स्वतः ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. एक पुस्तक त्यांना पावसाळाभर पुरतं. मग ते माझ्याकडे येतं. हिंदीत नसलेला 'ळ' मी त्या पुस्तकांत पाहून गिरवला, आणि आजही तो लिहिताना माझं पेन किंचित थांबतं. कॉलेजात पोचलेला घरातला मी पहिला, त्यामुळे माझ्या चुका काढायला घरी कोणी नाही. त्या इथे दिसतील. सांभाळून घ्यावं.

वजनाच्या विषयावर जाणकारांनी लिहिलेलं मी मोबाइलवर पुष्कळ वाचलं आहे. सकाळी कोमट पाणी, जेवणाआधी काकडी, साखर बंद, रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या सुमारास. ते सगळं खरंच असेल. पण गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत आमच्या घरी जे झालं, ते मला त्यात कुठे सापडलं नाही. एवढंच माझ्याकडे कारण आहे.

आता पुन्हा कापणी चालू आहे. माझी खोली बालाघाटात, वारासिवनीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे, आणि सकाळपासून धानाच्या ट्रॉल्या खिडकीखालून जात आहेत. प्रत्येक ट्रॉलीमागे थोडा भुसा हवेत राहतो आणि सावकाश खाली बसतो. टेबलावर फोन ठेवला आहे. आई गोंदियाच्या दवाखान्यात आहे आणि आज तिचं ऑपरेशन आहे. बाबा आणि धाकटी बहीण शीतल तिच्याजवळ आहेत. उद्या माझी प्रॅक्टिकल आहे म्हणून बाबांनी मला येऊ दिलं नाही. "तू येऊन का करशीन? तिथं बाकड्यावर बसाचंच आहे. ते मी बसतो," म्हणाले. सकाळी आईला आत नेलं, एवढा शीतलचा निरोप आला. त्यानंतर काही नाही. वाट पाहताना हाताला काम असावं म्हणून लिहायला बसलो.

कापणीचे वास दोन. सकाळचा ओला, दवाने भिजलेल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, तळ्याच्या काठाला येतो तसा. दुपारचा कोरडा, गरम धुळीचा. तो नाकात जायच्या आधी मानेवर येतो आणि खाज सुटते. आमचं गाव वारासिवनीहून रामपायलीला जाताना लागतं. लहानपणी शाळेतून येताना मी डोळे मिटून चालायचो आणि वासावरून ओळखायचो की आपण कोणाच्या शेतापाशी आलो. तेव्हा ते अवघड वाटत नसे. आता खोलीच्या खिडकीतून फक्त डिझेलचा वास ओळखता येतो.

शेताच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. उंचावरच्या बांधीत पाणी टिकत नाही, तिथे लवकर पिकणारा धान लावतात. तो दिवाळीच्या आगेमागे कापून होतो. खोलगट बांधीत उशिरा येणारा धान, तो चांगली थंडी पडेपर्यंत उभा असतो. पहिल्याला हलका धान म्हणतात, दुसऱ्याला भारी. वजनाशी या नावांचा काही संबंध नाही. पिकायला लागणाऱ्या दिवसांशी आहे. हलक्याचा भात जाड, मोकळा, कामाच्या माणसाचा. भारीमध्ये चिन्नोर येतो. बारीक, मऊ, आणि शिजताना असा वास सुटतो की रस्त्याने जाणारा माणूस ओळखतो, या घरी आज पाहुणा आहे. आमच्याकडे चिन्नोरची एकच बांधी आहे. बाकी वर्ष आम्ही जाड भात खातो आणि चिन्नोर निघाला की महिना-दीड महिना आपल्याच घरी पाहुण्यासारखे जेवतो. आई त्या महिन्याची वर्षभर वाट पाहते. तसं ती कधी बोलत नाही, पण भात उतरवताना झाकण जरा जास्त वेळ हातात धरून उभी राहते.

आईच्या बेंबीपाशी गाठ होती. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. खोकली, शिंकली, हसली की बाहेर यायची. बोटांनी दाबली की आत जायची. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत दिवसभर वाकायचं असे, तेव्हा ती जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला आवळून बांधायची. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर बाबा तिला गोंदियाला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, काट्यावर उभं केलं आणि सांगितलं की ऑपरेशन लागेल, पण एवढ्या वजनावर नाही. पोटावर चरबी असली की टाके तग धरत नाहीत, गाठ परत येते. आठ-दहा किलो कमी करून या. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, गाठ बाहेर येऊन अडकली, आत जाईना, तर घरी थांबू नका, जिवावर बेतेल.

बाबांनी हे सगळं मला त्या दिवशी फोनवर सांगितलं. खाण्याचं काय म्हणाले, असं मी विचारलं.

"हल्का खाना म्हणे. भारी बिलकुल नाई. अन् संध्याकाळी लवकर जेवाचं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणाला वाटेल? दवाखान्यात जातात तेव्हा असंच सांगतात.

तेव्हापासून कापणीचा तो मोसम माझ्या मनात आईच्या ताटाभोवती फिरतो. मी दर रविवारी घरी जायचो. अंगणात खळं सारवलेलं, कोपऱ्यात भाऱ्यांचा ढीग, आणि आई दिवस मावळायच्या आत जेवायला बसलेली. आमच्या घरी आई सर्वांच्या आधी जेवते आहे हे दृश्यच नवीन होतं. शीतल तिच्यासमोर बसून राहायची, एकटीला जेवताना कसंसं वाटू नये म्हणून.

खोलीवर माझ्यासोबत दुर्गेश राहतो. तो लांजीकडचा, जंगलालगतच्या गावाचा. सकाळी जिमला जातो आणि खाण्यापिण्याचं त्याला सगळं ठाऊक असतं, निदान तो तसं बोलतो. आईचं ऐकून म्हणाला, "भाई, माँ को ओट्स खिला. चावल-वावल छोड़." मी बसस्टँडसमोरच्या दुकानातून ओट्सचं पाकीट घेतलं आणि घरी नेलं. आईने ते तळहातावर घेऊन पाहिलं.

"हे कायचा कोंडा आहे?"

"कोंडा नाही आई, ओट्स आहेत. परदेशात सगळे हेच खातात."

"घोड्याले देतात ते," बाबा खाटेवरून म्हणाले. "मी पाह्यलो टीव्हीवर."

आईने त्यात लसूण, मीठ आणि हिरवी मिरची घालून पेजेसारखं शिजवलं. शीतलने एक घास घेऊन ताट सरकवलं. आईने मात्र सगळं संपवलं, कारण ते मी आणलं होतं. मग तोंड पुसत म्हणाली, "चांगलं आहे बापा. निवडणुकीचे पोस्टर चिटकवाले कामी येईन." ते पाकीट अजून फडताळात आहे. कधीतरी शीतल त्यातलं मूठभर कोंबड्यांना टाकते, आणि त्याही निवडून खातात.

वजन मोजायला गावात काटा एकच, धान खरेदीच्या ठिकाणचा, पोती मोजतात तो. हलका धान घेऊन बाबा गेले तेव्हा आईही सोबत गेली. रविवार होता, मीही होतो. तिथले हमाल बिसनमामा आमच्याच गल्लीतले. आई काट्याकडे गेली तसे ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"या मावशी, या. कोणत्या जातीचा माल आहे?"

"चूप बस. वजन सांग फकत."

"बारदाना कापून सांगू का बारदान्यासकट?"

"माझं लुगडं बारदाना आहे का रे, मुडद्या?"

रांगेतले लोक हसायला लागले. कोणी म्हणालं, आधी नमी तपासा, ओला माल घेत नाहीत. दुसरा म्हणाला, दोन दिवस उन्हात पसरवा वहिनीले, उतरन वजन. आईही हसली. हसताना तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. गाठ बाहेर येत होती ती तिने दाबून धरली होती. हसणाऱ्यांपैकी कोणाला ते दिसलं नसावं. बिसनमामांना दिसलं असेल, कारण त्यांनी आकडा मोठ्याने न सांगता बाबांच्या कानात सांगितला.

कापणीचे मधले दिवस मला नीट आठवत नाहीत. सगळे एकमेकांत मिसळले आहेत. भारे वाहणाऱ्या बायांच्या रांगा. बांधीच्या कोरड्या चिरांत शिरलेले खेकडे आणि त्यांच्यामागे लागलेली पोरं. चुलीवर नव्या तांदळाचा मांड, शीतल त्यात मीठ टाकून पेल्याने पिते. नवा तांदूळ गोडसर असतो, चार घास जास्त जातात. आणि त्या मोसमात आमच्या घरी आईला आग्रह होत होता. आग्रह करणारे बाबा. "घे ना अजून. हलकाच आहे." शेजारच्या सुमनकाकू एकदा सूपभर तांदूळ घेऊन आल्या. "तुमच्या माणसानं सांगतलं, हलकं खाचं आहे म्हणून. आमच्या वरच्या बांधीतला आहे, घ्या. तुमच्याहून बी हलका." मी तिथे बसून चहा पीत होतो. माझ्या कानांवरून ते वाक्य गेलं. आता ते आठवलं की वाटतं, माणूस आपल्या भाषेत किती आत राहतो. बाहेरून कोणी हाक मारली तरी आतलाच आवाज वाटतो.

मग भारी धान निघाला. थंडी पडली होती, सकाळी तोंडातून वाफ येई. चिन्नोरची बांधी कापून झाली, चुरून, म्हणजे मळून झाली, पहिली पायली गिरणीतून कांडून आली. त्याच आठवड्यात आई पुन्हा काट्यावर गेली. वजन कमी झालं नव्हतं. किलोभर वाढलं होतं. बिसनमामांनी या वेळी थट्टा केली नाही. काट्यावरची धूळ फडक्याने पुसली, पुन्हा पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "मावशी, काटा खराब असन."

त्या संध्याकाळी चुलीवर दोन गंज होते. एकात चिन्नोर. झाकण सरकलं तसा वास अंगणात आला आणि बाहेर खुंट्याला बांधलेल्या बैलांनीही माना वळवल्या असं मला वाटलं. आईने तो आम्हा तिघांना वाढला. स्वतः दुसऱ्या गंजातला जाड भात घेतला, ताटभर, वर वरण, मधे खळगा करून.  

मी म्हणालो, "आई, एवढा भात?"

"हलका आहे तो."

"हलका म्हणजे?"

"हलका म्हणजे हलका. वरच्या बांधीतला. डॉक्टरनं सांगतलं ना, हल्का खाना, भारी बिलकुल नाई. मी तं चिन्नोरले हात बी लावला नाई. तुमाले वाढते अन् तोंड तिकडे करते."

 चुलीत एक लाकूड सरकलं. शीतलने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबांचा घास हातातच होता.

"आई," मी म्हणालो, "डॉक्टर धानाचं नाही बोलले. हलकं म्हणजे कमी, साधं, तेलकट नाही असं. पचायला हलकं."

"धानाचं नाई?"

"नाही."

बाबांनी घास ताटात ठेवला. "मीबी तेच समजलो होतो," ते म्हणाले. मग जरा वेळाने, स्वतःच्या बाजूने बोलावं तसं, "गोंद्याचा डॉक्टर आहे तो. चारीकडे धानच धान. त्याले धानाचं समजत नसन का?"

शीतल तोंड दाबून हसत होती. आई हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर लाजही नव्हती. ती चिन्नोरच्या गंजाकडे पाहत होती.

"म्हणजे हा वास मी असाच सोडला?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गल्लीला कळलं. मला वाटलं होतं लोक हसतील. पण सुमनकाकू गंभीर झाल्या. "आमच्या सासऱ्यालेबी हलकंच सांगतलतं," त्या म्हणाल्या. "आम्हीबी तेच देलं त्याले. दोन वर्ष." मग त्या घरात गेल्या.

पुढच्या खेपेला गोंदियाला मीही गेलो. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून नीट बसले आणि आईशी सावकाश बोलले. भात बंद नाही, कमी. ताटात अर्धी जागा भाजीला, मग वरण, मग भात. तळलेलं नको. चहात साखर नको. रोज चालायचं. आईने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "चावल कितना?" डॉक्टरांनी मूठ वळून दाखवली. आईने त्यांच्या मुठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"तुमची मूठ के हमारी?"

"आपकी," डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हा मात्र हसले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती. बाहेर कापलेल्या बांध्या, त्यांत तणसाचे ढीग. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मुठीनं पोट भरत नाई."

"भरायचं नाहीच आहे, आई. थोडी भूक ठेवूनच उठायचं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आमी लहान होतो तवा भूक ठेवूनच उठत होतो. माय वाढाले उठे अन् गंज खरवडल्याचा आवाज ये, आमी समजून जावो. ती सवय मोडाले मले किती वर्ष लागले, बेटा. आता तीच लावा म्हणता."

 मोबाइलवर लिहिणाऱ्यांना हे माहीत नसावं. ते लिहितात, अर्धं पोट अन्न, पाव पोट पाणी, पाव पोट मोकळं. अर्धपोटी हा शब्द मी बाबांच्या पुस्तकांत कितीदा वाचला आहे. त्यात तो नेहमी दुःखाच्या जागी येतो. आमच्या आईवडिलांच्या पिढीने पोटभर जेवण मिळवलं, आणि ते मिळवल्याची खूण अंगावर दिसावी असं त्यांना वाटे. कोणाची पोर अंगाने भरली की बाया म्हणत, घर चांगलं आहे तिचं. मी सुटीत घरी गेलो की आई आधी माझं मनगट धरून पाहते, अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना लागतात का. लागतात. मग ती चुलीकडे जाते. त्या आईला मी सांगत होतो की आता भूक ठेवून उठ. बोलणं बरोबर होतं. पण बरोबर बोलताना मला जड गेलं.

तिने तोड स्वतःच काढली. त्या रात्री चुलीपाशी बसून शीतलला म्हणाली, "एक मूठच खाचं आहे ना? मंग भारीच खाईन."

"आता?"

"हौ, आता. हलका पोटभर खाल्ला, का झालं? चिन्नोर मूठभर खाते, का होते पाहू."

आणि तिने तसंच केलं. पहिले दिवस वाईट गेले. दुपारी ती अंगणात उगीच येरझारा घालायची, सूप घ्यायची, ठेवायची. पण मूठभर चिन्नोर ती जसा खाऊ लागली तसं मी तिला कधी खाताना पाहिलं नव्हतं. एकेक घास. पूर्वी ती उभ्याने, वाढता वाढता, कोणाच्या ताटातलं उरलेलं आपल्यात ओढून घेत जेवायची. काय खाल्लं हे तिलाही ठाऊक नसे. आता ती बसायची. मोबाइलवर लिहितात की सावकाश चावून खावं. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. भात थोडा होता, म्हणून लवकर संपू नये एवढंच तिला हवं होतं.

ताटातली बाकीची जागा लाखोरीच्या भाजीने भरली. धान उभा असतानाच आमच्याकडे बांधीत लाखोरी डाळीचं बी फेकून ठेवतात. धान कापला की ओलीवर ती हिरवी पसरते, आणि थंडीभर तिचे शेंडे खुडून भाजी करतात. लसूण, लाल मिरची, तेल नावाला. जवसाची चटणी होतीच. ती पूर्वी तोंडी लावायला होती, तिला आता मान मिळाला, कारण मी कुठेतरी वाचलं होतं की जवस चांगलं. "आमाले आधीच माहीत होतं," आई म्हणाली, "फकत ते चांगलं आहे हे माहीत नव्हतं."

संक्रांतीच्या सुटीनंतर दुर्गेश लांजीहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत कुटकीची थैली होती. बारीक राखाडी दाणे, त्याच्या घरी ते रात्री भातासारखे शिजवून खातात. ती थैली तो गादीखाली ठेवत होता. मी विचारलं तर म्हणाला, घरवाले देते हैं यार, कौन खाता है. मी ती मागून घेतली आणि आईला नेऊन दिली. आईने लगेच ओळखली. "अरे, हे तं कुटकी! माझी आजी रांधे." आणि तिने ती शिजवली, आणि रात्रीच्या भाताची जागा तिने घेतली. दुर्गेशला मी ते सांगितलं. पुढच्या खेपेला त्याने दोन थैल्या आणल्या. ओट्सचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

कालव्याच्या पाळीवर ती सुमनकाकूंबरोबर चालायला जायला लागली. दोघी इतक्या बोलत की चालणं हळू होई, पण लांब होई. काकूंनी सासऱ्यांचंही ताट बदललं होतं. उन्हाळ्यात लग्नं आली आणि तिथे सगळ्यात अवघड गेलं. पंगतीत वाढणारे हात थांबत नाहीत. "एवढ्यानं का होते, घ्या व वहिनी," म्हणत बुंदी पडायचीच. आई पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून बसे, पावसात दिवा झाकावा तशी. लोकांना ते अपमानासारखं लागे. एका लग्नात कोणीतरी बोललंही, की पोरगा कॉलेजात गेला तशी आता आमचं खात नाई. बाबांनी ते ऐकलं आणि तिच्या वाटणीची बुंदी स्वतः मागून घेतली. आता बाबांचं वजन किती झालं असेल, तो विषय आम्ही अजून काढलेला नाही.

वजन उतरलं. सरळ नाही, दोन पावलं खाली, एक वर, महिनाभर जागच्या जागी. पावसाळ्यात ती पहिल्यांदाच रोवणीला गेली नाही, बांधावर छत्री घेऊन बसली आणि सगळ्यांना ओरडत राहिली. पोळ्यानंतर डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि मान डोलावली. धान निघू द्या, मग या, म्हणाले. आई म्हणाली, हलका निघाल्यावर येते.

ती परवा गेली. निघताना बांगड्या काढून शीतलच्या हातात दिल्या आणि बाबांना बजावलं, "चिन्नोर कापाची घाई नोका करू. मी आल्यावर कापू." बांधी अजून उभी आहे. काल बाबांनी दवाखान्याच्या बाकड्यावरून गावात फोन करून कोणाला तरी पाखरं हाकलायला सांगितलं.

एवढं लिहून झालं तोवर ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं. ट्रॉल्या थांबल्या होत्या. जेवणाची वेळ झाली असावी. दुर्गेश दोनदा विचारून गेला, "फोन आया?" आणि दोनदा मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, कुटकीचं पातेलं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसला. आम्ही दोघेही जेवलो नाही.

मग फोन वाजला. शीतल होती. मागे खूप आवाज होते, भांड्यांचे, चाकांचे.

"दादा, झालं. बाहेर आणलं तिले. डॉक्टर म्हणते टाके चांगले बसले."

"बोलते का?"

"आत्ता बोलली. सिस्टर सांगून गेली मले, उद्यापासून थोडं थोडं हलकं द्याचं म्हणून. मले वाटलं आई झोपली आहे. तं डोळे मिटूनच म्हणते, जाय, विचारून ये, कोणतं हलकं."

 शीतलचा आवाज जरा खाली आला.

"अन् स्वतःच हसली. दुखत असन, तरी हसली. हसताना हात पोटावर नेला, सवयीनं. तिथं आता काही नाई ना, दादा. फकत पट्टी आहे."